नावाला भुललेली माणसं

शेजारच्यांच्या पॉमेरियन कुत्रीला चार पिल्लं झाली. बाप गल्लीतला. ‘गावठीच की!’ म्हणत येणारा-जाणारा पुढं सरकायचा. अखेर माझ्या मुलीनं खोक्यावर खडूनं लिहिलं, ‘पॉमठी पिल्लं’. पॉमेरियन अधिक गावठी! आठवड्यात तीन गेली. वाकड्या शेपटीचं चौथं आमच्याकडे राहिलं.

मला आठवला ऑस्ट्रेलियातला वॉली कॉनरन. अंधांना वाटाड्या कुत्रे पुरवणाऱ्या संस्थेत तो पैदाशीचं काम पाहायचा. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण यजमानांना कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरननं ३३ पूडल पारखले. एकही कामाला उतरला नाही. शेवटी १९८९च्या सुमारास त्यानं लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला धाडली, तर एकच, सुलतान, यजमानांना मानवला.

उरलेल्या दोघांना घर मिळेना. प्रतीक्षायादी लांबलचक, पण संकराचा कुत्रा कुणालाच नको! तेव्हा कॉनरननं नाव पुढं केलं, ‘लॅब्राडूडल’. बातमी झळकली, फोन खणखणू लागले. कुत्रे कालचेच, नाव तेवढं नवं. तेही पुरतं कोरं नव्हतं. वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलनं १९५५ सालच्या पुस्तकात ते वापरलं होतं.

पुढं पैदासवाल्यांनी वाटेल त्या जातीला पूडल जोडला आणि ‘ॲलर्जी होणार नाही’ म्हणून पिल्लं विकली. पण संकरात कोणतं पिल्लू कुणाचे केस उचलेल, हे कोण सांगणार? २०१९ मध्ये म्हाताऱ्या कॉनरननं या साऱ्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. नाव घर मिळवून देतं. ते टिकवत नाही.

हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं. आमच्या तीन ‘पॉमठीं’पैकी एक बाजारात भिजत बसलेला दिसला. नेणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘अहो, मोठा झाल्यावर अगदीच गावठी दिसायला लागला.’’

मुलगी काही बोलली नाही. त्याला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. लस टोचताना डॉक्टरांच्या कार्डावर ‘जात’ असा रकाना होता. तो तिनं कोराच ठेवला. नावाच्या रकान्यात मात्र ठसठशीत लिहिलं, ‘मोती’.