फिल्टरमधले पाहुणे ओळखूया



घरातल्या किंवा वर्गातल्या फिशटँकचा फिल्टर साफ करताना स्पंजमध्ये काहीतरी वळवळतं. मुलं ओरडतात, "हे काय आहे?" आणि आपण लगेच म्हणतो, "ई, टाकून दे!" थोडं थांबा. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यातल्या जिवाणूंना मारतं, आणि माशांच्या घाणीतला अमोनिया तेच तर संपवत असतात. मग थोडा गाळ पांढऱ्या बशीत घ्या. साधं भिंग पुरतं.

रंगापेक्षा चाल बघायला सांगा. केसासारखा बारीक, नागमोडी वळवळणारा जीव म्हणजे गांडुळाचा नातलग. तो उरलंसुरलं खातो, माशांना काही करत नाही. फार झाले असतील तर मुलं खाद्य जास्त टाकतायत, एवढंच!

चपटा, त्रिकोणी डोक्याचा, दोन ठिपक्यांसारखे डोळे असलेला आणि न वळवळता सरकत जाणारा तो प्लॅनेरिया. त्याला कापून मारायला जाऊ नका, तुकड्यांचे नवे प्लॅनेरिया होतात. दहावीच्या पुस्तकातलं पुनर्जनन ते हेच.

एका टोकाने चिकटलेला, दुसऱ्या टोकाला धाग्यांसारखे हात असलेला, आणि काडी लावली की आक्रसून गोळा होणारा तो हायड्रा. १७४० च्या सुमारास हॉलंडमध्ये दोन मुलांना घरी शिकवणारे अब्राहम ट्रेम्ब्ले यांनाही हाच प्रश्न पडला होता: ही वनस्पती की प्राणी? त्यांनी तो कापून पाहिला. वनस्पती असेल तर दोन्ही भाग जगतील, असा त्यांचा अंदाज. दोन्ही भाग जगले, पूर्ण वाढले, पण ते हालचाल करत होते आणि शिकार पकडून खात होते! म्हणजे प्राणीच. (शिकवणी घेणारा माणूस होता बरं का, आपल्यातलाच.)

झटके देत पोहणारा पांढरा ठिपका बहुधा सायक्लॉप्स असतो. डोळा एकच. मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. मासे तो आवडीने खातात. पण आजी-आजोबांना नारूबद्दल नक्की विचारायला लावा. नारूच्या अळ्या याच सायक्लॉप्समधून, विहिरीच्या न गाळलेल्या पाण्यावाटे माणसाच्या पोटात जायच्या. पाणी दुहेरी फडक्याने गाळा, असं तेव्हा गावोगाव सांगितलं गेलं ते यासाठीच. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

कोणतंही औषध टँकमध्ये ओतायचं ते ओळख पटल्यावरच. बशी विसळून झाली की मुलांना साबणाने हात धुवायला लावा, आणि दिसलेल्या जीवाचं चित्र वहीत काढायला सांगा, तारखेसकट.