ट्रकवरून गायलेले गाणे

८ मार्च १९९२ हा दिवस बेलग्रेडच्या लोकांना चांगला आठवतो. शहराच्या मध्यवर्ती चौकात गाण्याचा कार्यक्रम करण्याची परवानगी अधिकाऱ्यांनी नाकारली होती. मग गाणाऱ्यांनी एक युक्ती केली. त्यांनी एक ट्रक आणला, त्यावर ढोल, गिटारी आणि ध्वनिक्षेपक चढवले, आणि गात गात साऱ्या शहराला फेरी घातली. चौकात उभे राहून गाण्याला बंदी होती. रस्त्यावरून जाता जाता गाण्याला बंदी घालायचे कोणाला सुचले नव्हते!

ट्रकवर शहरातल्या तीन नामांकित वाद्यवृंदांतली मंडळी होती. एरवी ही मंडळी निरनिराळी गात; त्या दिवसांपुरती एकत्र आली होती. जमलेल्या संचाला त्यांनी 'रिमतुतितुकी' असे नाव दिले होते. शब्दाला अर्थ काही नाही. तिकडच्या एका अस्सल गावठी शिवीची अक्षरे उलटीसुलटी करून तो बनवला होता. शिवी अर्थातच युद्धाला होती. शेजारच्या क्रोएशियात आदल्या वर्षीच रक्त सांडले होते. बोस्नियात ते सांडायला आता महिनाभराचाही अवकाश नव्हता. घरोघर सैन्यात हजर होण्याचे हुकूम येत होते आणि तरुण मुले रात्री स्वतःच्या घरी झोपायला भीत होती. अशा वेळी ट्रकवरून जाणारा एक उंच, सडपातळ गायक लोकांना सांगत होता, की बंदूक हाती घेऊ नका. त्याचे नाव मिलान म्लादेनोविच.

युगोस्लाव्हिया हे नाव आपल्या वडील पिढीला परके नाही. मार्शल टिटो आणि पंडित नेहरू यांची मैत्री, १९६१ साली बेलग्रेडला भरलेली अलिप्त राष्ट्रांची परिषद, यांची छायाचित्रे त्या काळच्या वृत्तपत्रांत पुष्कळांनी पाहिली असतील. तो देश आज नकाशावर नाही. मिलानची कहाणी ही त्या नाहीशा झालेल्या देशाचीच कहाणी आहे, म्हणून ती सांगण्यासारखी.

मिलानचा जन्म २१ सप्टेंबर १९५८ चा, झाग्रेबचा. म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या राजधानीतला. वडील सर्ब, क्रुशेवात्स गावचे, सैन्यात अधिकारी. आई क्रोएट, समुद्रकाठच्या माकार्स्काची. सैनिकी नोकरी म्हटली की बदल्या आल्या. मिलान सहा वर्षांचा असताना बिऱ्हाड बोस्नियातल्या सारायेवोला गेले, आणि बारा वर्षांचा झाला तेव्हा सर्बियात, बेलग्रेडला. जन्म एका प्रांतात, बालपण दुसऱ्यात, तारुण्य तिसऱ्यात! पुढे हे तिन्ही प्रांत तीन देश झाले आणि एकमेकांच्या उरावर बसले. परंतु त्या मुलाला ती तीन शहरे म्हणजे एकाच घरातल्या तीन खोल्या होत्या. भाषाही एकच होती. झाग्रेबला एखादा स्वर लांबवत, बेलग्रेडला तोच आखडता घेत, एवढाच काय तो फरक.

बेलग्रेडच्या शाळेत त्याला गिटार वाजवणारे मित्र मिळाले आणि पोरासोरांचा एक वाद्यवृंद उभा राहिला. त्याचे नाव 'लिंबाचे झाड'. तो फार दिवस टिकला नाही. पण त्यातूनच १९८० साली 'शार्लो अक्रोबाता' नावाचे त्रिकूट जन्माला आले. शार्लो म्हणजे आपला चार्ली चॅप्लिन. तिकडे जुन्या काळी त्याला याच नावाने ओळखत. गिटार आणि गाणे मिलानचे, खर्जातली गिटार दुशान कोयिचची, ढोल इवित्सा व्दोविचचे. त्याच वर्षी ४ मे रोजी टिटो वारले. साऱ्या देशाच्या डोक्यावरचे छत्र गेले, आणि त्याच सुमारास बेलग्रेडच्या तळघरांतून नव्या गाण्याचा आवाज वर येऊ लागला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तळघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुप्त पत्रके, पोलिसांचे छापे असे चित्र उभे राहते. युगोस्लाव्हियातला प्रकार काहीसा निराळा होता. १९६८ च्या जूनमध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी मोठा संप केला होता. त्यानंतर सरकारने शहाणपणाने म्हणा की धूर्तपणाने म्हणा, शहराच्या मध्यभागी असलेली एक जुनी वास्तू विद्यार्थ्यांच्या हवाली केली. राजेशाहीच्या काळात तिथे लष्करी अधिकाऱ्यांची क्लबघरे होती. १९७१ पासून तिथे विद्यार्थी सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. चित्रकार, नाटकवाले, गाणारे असे सारे जगावेगळे लोक तिथे जमू लागले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मारिना आब्रामोविच या कलावतीचे आरंभीचे प्रयोग तिथलेच. चार भिंतींच्या आत काय वाटेल ते करा, भिंती मात्र सरकारच्या, असा तो मामला. आणखी एक गंमत. या सरकारने १९७० च्या दशकात हलक्या दर्जाच्या गाण्यांवर चक्क कर बसवला होता. ध्वनिमुद्रिका भिकार ठरली की तिची किंमत वाढे! पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे या कराची आठवण येऊन हसावे की रडावे ते कळत नाही.

१९८१ साली झाग्रेबच्या 'युगोतोन' कंपनीने बेलग्रेडच्या तीन नव्या वाद्यवृंदांची एक सामाईक ध्वनिमुद्रिका काढली. 'पाकेत आरांझमान' हे तिचे नाव. प्रवासकंपन्या राहणे, खाणे, फिरणे एकत्र बांधून देतात, तसला हा गाण्यांचा गठ्ठा. शार्लोची गाणी तीत होती. बेलग्रेडची मुले गातात, झाग्रेबचा कारखाना तबकडी दाबतो आणि सारायेवोची पोरे ती विकत घेतात! देश एक असणे म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण कोणते द्यावे? त्याच वर्षी शार्लोची स्वतःची तबकडी निघाली. तिचे शीर्षक मुळातच अर्धवट आहे: माणूस अधिक हुशार होतो की अधिक मठ्ठ, जेव्हा... एवढ्यावर ते थांबते. वाक्य ज्याचे त्याने पुरे करावे. ते वर्ष संपण्यापूर्वी त्रिकूट फुटले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. इथे तर दोघेही कवी, दोघेही हट्टी.

मिलानने मग जुन्या शाळासोबत्याला घेऊन दुसरा संसार मांडला. त्याचे पहिले नाव 'कातारिना दुसरी'. १९८५ पासून 'एकातारिना वेलिका', म्हणजे थोर कॅथरीन. या संसाराची दुसरी कर्ती मार्गिता स्तेफानोविच. ती एका नामवंत दिग्दर्शकाची मुलगी. पियानो शास्त्रोक्त शिकलेली, विद्यापीठात वास्तुशास्त्राची पदवी घेतलेली. मिलानच्या गिटारीतला कडवटपणा आणि मार्गिताच्या स्वरातला थंड, उंच, देवळाच्या घुमटासारखा घोष यांचा जो मेळ बसला, तो त्या देशाने पूर्वी ऐकला नव्हता.

मिलानची गाणी मी वाचली ती भाषांतरांच्या आधाराने. मराठीचा अध्यापक म्हणून जे जाणवले ते सांगतो. त्याच्या ओळी लहान, जवळजवळ उघड्या. शहर, वारा, डोळे, हात, खिडकी असे दहापाच रोजचे शब्द. पण ते अशा जागी ठेवलेले, की त्यांना धार यावी. क्रांतीच्या घोषणा नाहीत, प्रेमाचे पाल्हाळ नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाशी हलक्या आवाजात बोलतो आहे आणि आपण शेजारी उभे राहून ऐकतो आहोत, असे वाटते. १९८६ च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'चेहऱ्यावर वारा घेऊन', १९८७ च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव नुसतेच 'प्रेम'. या दुसरीत 'भूमी' नावाचे एक गाणे आहे. त्यात आपल्या देशाविषयी साधी, निःशंक माया आहे. तो देश पुढे चारच वर्षे टिकला. १९८९ साली 'आपल्यासाठी केवळ काही वर्षे' या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. पुष्कळांना ते नाव पुढे भविष्यवाणीसारखे वाटले. कवीला भविष्य कळत नसते. मात्र हवेतला दमटपणा इतरांच्या आधी त्याच्या हाडांना लागतो.

याच सुमारास सर्बियाची सूत्रे स्लोबोदान मिलोशेविच याच्या हाती एकवटली. सर्बांचा अभिमान, सर्बांचा अपमान, सर्बांचा सूड, हीच भाषा सभांतून आणि दूरचित्रवाणीवरून सुरू झाली. झाग्रेबलाही त्याच्याच तोडीची उत्तरे देणारे निघाले. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, आणि लढाई जुंपली. बेलग्रेड आणि झाग्रेब यांच्यातले टेलिफोन तुटले. ज्याची आई क्रोएट आणि वडील सर्ब, त्याने कोणत्या बाजूला उभे राहावे? मिलानने ठरवले, की दोन्हीकडे नाही. त्याच वर्षी त्याची 'दुम दुम' ही काळवंडलेली ध्वनिमुद्रिका आली. नाव वाचताच आपल्याला कलकत्त्याजवळचे डमडम आठवते. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यावरूनच त्या नावाची कुप्रसिद्ध गोळी साऱ्या जगाला ठाऊक झाली.

पुढच्या वर्षी ट्रकची ती फेरी निघाली. त्यानंतर २२ एप्रिल १९९२ रोजी, सारायेवोला वेढा पडत असताना, बेलग्रेडच्या चौकात हजारो तरुण युद्धाविरुद्ध जमले. सभेचे नाव होते 'आम्हाला हिशेबात धरू नका'. त्यामागे एक इतिहास आहे. १९७८ साली जोर्जे बालाशेविच या गायकाचे 'आम्हाला हिशेबात धरा' हे गाणे गाजले होते. नवी पिढी देशाच्या पाठीशी उभी आहे, अशी ती ग्वाही होती. चौदा वर्षांनी त्याच पिढीला ग्वाही उलटी फिरवावी लागली. देशावरचे प्रेम आटले होते म्हणून नव्हे. देशाच्या नावाने जे चालले होते ते त्या प्रेमाला सोसवेना म्हणून.

कोणी विचारील, त्या गाण्यांनी झाले काय? युद्ध थांबले का? नाही थांबले. सारायेवोचा वेढा जवळजवळ चार वर्षे चालला. एकट्या बोस्नियात सुमारे १ लाख माणसे मेली. बेलग्रेडवर बॉम्ब पडले नाहीत, तरी शहर आतून कुजत गेले. संयुक्त राष्ट्रांनी मे १९९२ मध्ये व्यापारबंदी लादली, चलन कोसळले. १९९३ च्या अखेरीस सरकारने ५०,००० कोटी दिनारांची नोट काढली, पाचावर अकरा शून्ये! त्या नोटेवर चित्र होते योवान योवानोविच झ्माय या कवीचे, ज्याच्या बालगीतांवर तिकडची मुले वाढतात. कवीचे चित्र आणि अकरा शून्ये. आणि एवढे करून काही दिवसांत ती नोट कवडीमोल. दूरचित्रवाणीवर मात्र झगमगाट होता. एके काळी ज्या भडक गाण्यांवर सरकारने कर बसवला असता, ती आता अहोरात्र वाजत होती. बंदुकवाले आणि चोरट्या व्यापारातले नवश्रीमंत यांचा तो दरबारी राग झाला. मिलानसारख्यांचे गाणे पुन्हा लहान सभागृहांत, एखाददुसऱ्या बंडखोर रेडिओ केंद्रावर जाऊन बसले. आता ते खरोखर तळघरात गेले.

१९९४ साली मिलान ब्राझीलला गेला. नोव्ही सादचा मितार सुबोतिच हा त्याचा जुना संगीतकार मित्र साव पावलोला स्थायिक झाला होता. दोघांनी मिळून 'देवदूताचा श्वास' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ध्वनिमुद्रिका तयार केली. तिकडे राहून जाण्याचा मोह कोणालाही झाला असता. मिलान परतला. ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या बुद्वा गावी त्याने कार्यक्रम केला आणि लगेच त्याला रुग्णालयात न्यावे लागले. निदान झाले स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी बेलग्रेडला तो गेला. वय अवघे ३६.

सोबत्यांचे नशीबही धड नव्हते. ढोलवाला व्दोविच १९९२ मध्येच एड्सने गेला होता. खर्जातली गिटार वाजवणारा बोयान पेचार १९९८ मध्ये लंडनला वारला. सुबोतिच १९९९ मध्ये साव पावलोला आगीत सापडून मरण पावला. मार्गिता हेरॉइनच्या विळख्यात सापडली होती. तीही सप्टेंबर २००२ मध्ये गेली. या मंडळींभोवती पुढे एक शोकाकुल वलय उभे राहिले, व्यसनालाही कोणी कोणी कवित्व चिकटवले. ते खरे नव्हे. व्यसनाने त्यांना गाणी दिली नाहीत. गाणाऱ्यांना मात्र नेले.

आज बेलग्रेडला युवक भवनासमोरच्या आवाराला मिलानचे नाव आहे. झाग्रेबलाही त्याच्या नावाचा रस्ता आहे. ज्या दोन शहरांनी एकमेकांचे टेलिफोन तोडले, त्या दोन्ही शहरांच्या पाट्यांवर एकच नाव लागावे, हे थोडे नव्हे. परंतु एक अडचण भाषेच्या माणसाला अजून छळते. ज्या भाषेत मिलानने गाणी लिहिली, तिची आता चार नावे झाली आहेत: सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन. शाळेची पुस्तके वेगळी, कोश वेगळे. ग्रंथपालाने ही गाणी कोणत्या कपाटात ठेवायची? झाग्रेबला जन्मलेल्या, सारायेवोला वाढलेल्या, बेलग्रेडला मरण पावलेल्या माणसाची भाषा कोणती? तिन्ही शहरांतली मुले त्याचे गाणे ऐकतात तेव्हा त्यांना कोश उघडावा लागत नाही. ज्यांचा जन्मही तो गेल्यानंतरचा, अशीही त्यांत पुष्कळ आहेत. ग्रंथपालाची अडचण त्यांना नाही.