मूळ कंपनी सोलमध्ये, शेअर मुंबईत

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा आयपीओ, म्हणजे लोकांना केलेली शेअरची पहिली विक्री, आला. तोवरचा देशातला हा सर्वांत मोठा आयपीओ होता. २७,८७० कोटी रुपये उभे राहिले आणि एलआयसीचा २०२२ मधला सुमारे २१,००० कोटींचा विक्रम मागे पडला. मोटारी बनवणाऱ्या कंपनीने लोकांकडून एवढी रक्कम घेतली म्हणजे त्यातून कारखाने वाढतील, नवी मॉडेलं येतील, असाच अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ह्युंदाई मोटर इंडियाच्या खात्यात त्यातला एक रुपयाही आला नाही.

सगळी रक्कम दक्षिण कोरियातल्या ह्युंदाई मोटर कंपनीला मिळाली. आयपीओत शेअर दोन प्रकारे विकता येतात. कंपनी नवे शेअर काढते तेव्हा पैसा कंपनीत येतो. जुना मालक आपल्या हातातले शेअर विकतो तेव्हा पैसा त्या मालकाकडे जातो. इथे दुसरा प्रकार होता. भारतीय कंपनीची शंभर टक्के मालकी कोरियन कंपनीकडे होती. तिने साडेसतरा टक्के हिस्सा शेअरमागे १,९६० रुपयांनी विकला आणि उरलेला साडेब्याऐंशी टक्के स्वतःकडे ठेवला. हे सारं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि व्यवहार पूर्णपणे नियमांत बसणारा होता. पण माहितीपत्रक शेकडो पानांचं असतं, आणि ते शेवटपर्यंत वाचणारे थोडेच.

मग कोरियन कंपनीने आपल्या सोलच्या बाजारात शेअर न विकता मुंबई का निवडली? उत्तर भावात आहे. शेअर महाग की स्वस्त हे ठरवताना त्याचा भाव वर्षाच्या कमाईच्या किती पट आहे, हे पाहतात. शेअरमागे वर्षाला १०० रुपये कमावणाऱ्या कंपनीचा शेअर २,००० ला मिळत असेल, तर भाव कमाईच्या वीस पट झाला. ह्युंदाई मोटर इंडियाचा शेअर कमाईच्या सुमारे सव्वीस पट भावाने विकला गेला. त्या वेळी सोलमध्ये मूळ कंपनीच्या शेअरचा भाव पाच-सहा पटींच्या आसपास होता. म्हणजे बोधचिन्ह तेच आणि तंत्रज्ञान त्याच घरातलं, तरी मुंबईत भारतीय कंपनीच्या एक रुपया कमाईला चौपटीहून अधिक किंमत मिळत होती. मूळ कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हा हिशेब चोख होता.

सामान्य गुंतवणूकदारांनी मात्र या वेळी हात आखडता घेतला. एकूण मागणी विक्रीला ठेवलेल्या शेअरच्या दुपटीहून अधिक होती, पण ती मुख्यतः मोठ्या संस्थांची होती. किरकोळ गुंतवणूकदारांसाठी राखलेला वाटा जेमतेम अर्धा भरला. २२ ऑक्टोबरला राष्ट्रीय शेअर बाजारात पहिला सौदा १,९३४ रुपयांना झाला आणि दिवसअखेर भाव आणखी उतरला.

त्या दिवसापासून हा शेअर दुय्यम बाजारात आला. इथल्या सौद्यांत कंपनीचा थेट संबंध नसतो. कोणी १,८५० ला विकायला तयार असतो, कोणी १,८४५ ला घ्यायला. बाजाराचा संगणक दोन्ही बाजूंच्या मागण्या रांगेत लावतो आणि भाव जुळताच सौदा होतो. दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर एका डिमॅट खात्यातून, म्हणजे शेअरची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या खात्यातून, दुसऱ्यात जातो, पैसे उलट दिशेने. टीव्हीवर ‘अमुक कंपनीचे दहा हजार कोटी बुडाले’ असं म्हणतात, तेव्हा कंपनीच्या तिजोरीतून काहीच गेलेलं नसतं. बाजाराने तिच्या शेअरची लावलेली किंमत तेवढी घटलेली असते.

आता घेणाऱ्याच्या हाती नेमकं काय आलं ते पाहू. बहुराष्ट्रीय कंपनी ही कायद्याच्या नजरेत एक कंपनी नसतेच. ती अनेक देशांत नोंदवलेल्या, स्वतंत्र हिशेब आणि स्वतंत्र संचालक मंडळं असलेल्या कंपन्यांची जुडी असते. मुंबईत शेअर घेणाऱ्याला ह्युंदाई मोटर इंडियाचा तुकडा मिळाला. चेन्नईजवळचा कारखाना आणि जनरल मोटर्सकडून घेतलेला तळेगावचा कारखाना या कंपनीचे आहेत. सोलमधल्या कंपनीच्या जगभरच्या व्यवसायात या शेअरधारकाचा वाटा नाही. किआ इंडियातही नाही. किआ ही याच समूहातली, मूळ ह्युंदाई कंपनीचा तिच्यात सुमारे एक तृतीयांश हिस्सा. तिच्या आंध्र प्रदेशातल्या कारखान्यातल्या मोटारी ह्युंदाईच्याच गिऱ्हाइकांना खुणावतात. कोणी ह्युंदाईऐवजी किआ घेतली तर समूहाच्या दृष्टीने गिऱ्हाईक घरातच राहिलं, मुंबईच्या भागधारकाच्या दृष्टीने ते गेलं.

अशा समूहाची रचना किती गुंतागुंतीची असू शकते याचं उत्तम उदाहरण युनिलिव्हर आहे. १९३० पासून २०२० पर्यंत या समूहाला दोन मूळ कंपन्या होत्या, एक ब्रिटिश आणि एक डच. दोघींचे शेअर वेगवेगळे, पण संचालक तेच आणि दोन्हीकडच्या भागधारकांना लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, सारखा. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही मिळून लंडनची एकच कंपनी झाली. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये या समूहाचा सुमारे ६२ टक्के हिस्सा आहे, उरलेला भारतातल्या नि बाहेरच्या गुंतवणूकदारांचा.

परदेशी कंपन्यांच्या भारतीय उपकंपन्या इथल्या बाजारात आल्या त्या बहुतेक सरकारच्या रेट्यामुळे. १९५६ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने, म्हणजे आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरने, दहा टक्के शेअर भारतीयांना विकले, हे लवकरचं पाऊल. खरी लाट आली ती १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानंतर. त्याने बहुतेक क्षेत्रांत परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. कोका-कोलाने १९७७ मध्ये आणि आयबीएमने त्यानंतर वर्षभरात देश सोडणं पत्करलं. बाकीच्यांपैकी अनेकांनी शेअर विकले, तेही दिल्लीतले भांडवल नियंत्रक मंजूर करतील त्या बेताच्या भावात. अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिला शेअर आला तो असा. १९९१ नंतर मालकीची मर्यादा सैल होताच काही मूळ कंपन्यांनी बाजारभावाच्या खूप खाली स्वतःलाच नवे शेअर देऊन हिस्सा वाढवून घेतला. १९९४ मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने त्याला नियमांची वेसण घातली. लहान भागधारकावरचा तो उघड अन्याय होता आणि तो आज विस्मरणात गेला आहे, हे बरं नाही.

कारण मूळ कंपनी आणि लहान भागधारक यांच्या हितसंबंधांचा प्रश्न तोच आहे, त्याच्या वाटा फक्त बदलल्या आहेत. भारतीय कंपनीचा पैसा मूळ कंपनीकडे अनेक मार्गांनी जातो. लाभांश ही त्यातली सरळ वाट. तो जेवढा लंडनला किंवा सोलला मिळतो, तेवढाच प्रत्येक शेअरमागे साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षकालाही मिळतो. सुटे भाग, कच्चा माल, संगणकसेवा मूळ कंपनीकडून घेतली तर तिचा भाव ही दुसरी वाट. परक्या कंपनीशी व्यवहार केला असता तर जो भाव पडला असता, तोच इथे लावावा, असं करकायदा सांगतो. तो भाव ठरवण्यावरून खटले वर्षानुवर्षं चालतात.

तिसरी वाट रॉयल्टीची. नाव आणि तंत्रज्ञान वापरल्याबद्दल विक्रीचा ठरावीक टक्का मूळ कंपनीला द्यायचा. नफा होवो न होवो, हा खर्च आधी वजा होतो आणि तो फक्त एकाच भागधारकाकडे जातो. ह्युंदाईने आयपीओआधी हा दर विक्रीच्या साडेतीन टक्के ठरवला. हिंदुस्तान युनिलिव्हरने रॉयल्टी आणि केंद्रीय सेवांचं शुल्क मिळून २.६५ वरून टप्प्याटप्प्याने ३.४५ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केला. संशोधन फुकट होत नाही, त्यामुळे रॉयल्टी मुळातच गैर म्हणता येणार नाही. मात्र दर किती असावा हे घेणाऱ्यानेच ठरवलं तर देणाऱ्याच्या बाजूने बोलायचं कोणी?

सेबीच्या नियमांनी यावर एक उपाय दिला आहे. मूळ कंपनीशी होणाऱ्या मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने मूळ कंपनीला मत देता येत नाही. बासष्ट टक्क्यांचा मालक बाजूला बसतो, निकाल इतरांच्या हाती जातो.

मॅगीवाल्या नेस्ले इंडियात २०२४ मध्ये हे घडलं. स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी निव्वळ विक्रीच्या साडेचार टक्क्यांवरून पाच वर्षांत सव्वापाच टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव भागधारकांपुढे आला. पाऊण टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. वीस हजार कोटींच्या विक्रीवर तो वर्षाला दीडशे कोटी होतो. मे महिन्यात निकाल लागला, तेव्हा झालेल्या मतदानापैकी ५७ टक्क्यांहून अधिक मतं विरोधात होती. ठराव पडला. जुलैमध्ये कंपनी पुन्हा भागधारकांकडे गेली ती जुन्याच साडेचार टक्क्यांचा प्रस्ताव घेऊन, आणि तो मंजूर झाला.

या मतांत मोठा वाटा अर्थातच संस्थांचा असतो, पण म्युच्युअल फंडांनी दिलेलं मतही अखेर दरमहा एसआयपीचा हप्ता भरणाऱ्यांच्याच पैशातून आलेलं असतं. ज्यांच्या डिमॅट खात्यात थेट शेअर आहेत त्यांना सभेच्या आधी ई-मेलने सूचना येते, आणि डिमॅट नोंदी सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावरून घरबसल्या प्रत्येक ठरावावर मत देता येतं. दहा शेअर असले तरी दहा मतं असतात, आणि ती देण्यासाठी सभेला जावं लागत नाही.