वि. स. पागे आणि रोजगाराची हमी

सांगली जिल्ह्याचा तासगाव तालुका हा अवर्षणप्रवण भाग. पाऊस हुलकावणी देऊन गेला की शेतमजुराच्या हाताचे काम थांबे आणि चूल बंद पडे. या परिस्थितीचा विचार ज्यांनी चिकाटीने केला, त्या विठ्ठल सखाराम पागे यांची संसदीय कारकीर्द महाराष्ट्राच्या इतिहासात वेगळी ठरली.

स्वातंत्र्यसैनिक असलेले श्री. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने वादविवादात उतरावयाचे नसते. समसमान मते पडली तरच त्याला निर्णायक मत असते. परंतु या मर्यादेमुळे त्यांचे ग्रामीण प्रश्नांवरील चिंतन थांबले नाही. मागेल त्याला काम मिळावे व त्या कामातून गावाची उत्पादक मत्ता उभी राहावी, हा त्यांचा विचार. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याने स्वीकारली.

त्याच सुमारास भीषण दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. मात्र दुष्काळी काम आणि रोजगार हमी यांत मूलभूत फरक आहे. दुष्काळी काम शासनाने टंचाई जाहीर केल्यावर सुरू होते व टंचाई सरली की बंद पडते. हमीत मागणी मजुराने करावयाची आणि काम पुरविण्याचे दायित्व शासनाचे. एकात साहाय्य आहे, दुसऱ्यात हक्क.

हक्क म्हटला की पैशाची तरतूद आली. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातील पगारदार व व्यावसायिक यांच्याकडून येणारी रक्कम आणि तेवढाच शासनाचा वाटा यांतून रोजगार हमी निधी उभा राहिला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती व रस्ते ही कामे त्यातून झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केलेला महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देय ठरला. स्त्री व पुरुष यांना कामाच्या मोजमापानुसार एकच दर मिळू लागला.

योजनेत उणिवाही दिसल्या. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, अर्धवट राहिलेली कामे यांवर वेळोवेळी टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. हक्क कायद्याने मिळतो. पण तो मजुराच्या पदरात पडतो तो मागणीची वेळेवर नोंद, चोख मोजमाप आणि ग्रामसभेची जागरूकता यांमुळेच.

श्री. पागे १९९० मध्ये निवर्तले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत करून ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. विसापूरच्या शिवारात पारखलेला विचार अशा रीतीने देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचला.