मोत्याचे औषध

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. महाराजांवर चालून येणाऱ्या वाघाची चाहूल खंड्याने दिली आणि महाराज बचावले, अशी कथा साताऱ्यात लहानथोर सांगतात. आमच्या मोत्याच्या नावावर असला पराक्रम नाही. पोस्टमनवर भुंकणे आणि स्वयंपाकघरात सौ.च्या पायांमागे अंग मुडपून झोपणे, एवढीच त्याची कर्तबगारी. गेल्या दिवाळीत ही दुसरी सवय त्याच्या अंगाशी आली.

वसुबारसेची संध्याकाळ होती. चकल्या तळणे चालले होते. सौ. मागे वळली, पाय मोत्याला अडखळला, पदर कढईच्या कानाला लागला आणि तेल सांडले. बरेचसे फरशीवर, थोडे मोत्याच्या पाठीवर. तो जे केकाटला, ते अजून कानात आहे.

शेजारच्या काकू हळद घेऊन धावल्या. कोणी टूथपेस्ट सुचवली, कोणी बर्फ. मी मराठीचा प्राध्यापक. अशा वेळी माझा उपयोग शून्य. थोरल्या मुलीने मात्र कोणाचे न ऐकता मोत्याला अंगणातल्या नळाखाली नेले आणि साध्या गार पाण्याची बारीक धार त्याच्या पाठीवर पंधरा-वीस मिनिटे धरली. मग स्वच्छ ओले फडके टाकून आम्ही त्याला रिक्षात घातले. निघताना मला शहाणपण सुचले, “आपली अंगदुखीची गोळी अर्धी देऊ या का?” मुलगी ओरडली, “बाबा, नको!”

डॉक्टरांनी तिचीच बाजू घेतली. केसांत अडकलेले तेल कातडी भाजतच राहते, म्हणून पाणी आधी. बर्फाने जखमेचा रक्तपुरवठा आखडतो. हळद किंवा पेस्ट चिकटून बसते, ती खरवडून काढताना जनावराचे हाल होतात आणि जखम किती खोल आहे तेही दिसत नाही. आणि माणसाची गोळी? आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यांनी भोवतालचे केस कातरले, जखम धुतली आणि सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम लावले. मोत्याने ते चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी घातली. “भाजल्याची खरी व्याप्ती दोन-तीन दिवसांनी कळते. परवा आणा,” असे सांगून त्यांनी दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम लिहून दिले. बाहेर रांग मोठी होती. आम्ही पाच मिनिटांत मोकळे झालो.

रात्री सौ.ने औषधांचा डबा उघडला. नवी गोळी हातात घेऊन ती थबकली. पावसाळ्यापासून मोत्याला खाजेसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांची गोळी चालू होती, प्रेडनिसोलोन.

“अहो, ही दोन्ही एकदम चालतात का?”

“डॉक्टरांनी दिलंय ना?”

“दिलंय. पण ही जुनी गोळी त्यांना माहीत आहे का?”

वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, की प्रश्न विचारल्यावाचून विद्या नाही. इथे मात्र लिहून दिलेल्या चिठ्ठीला प्रश्न विचारायचा म्हणजे डॉक्टरांचा अपमान, असे वाटून माझा हात फोनकडे जाईना. सौ.नेच फोन केला.

पलीकडे क्षणभर शांतता. मग डॉक्टर म्हणाले, “नवी गोळी देऊ नका. ही दोन औषधं एकत्र गेली की पोटात व्रण होतात, रक्तस्रावही होतो. पण जुनीही एकदम तोडू नका. शरीराला तिची सवय झालेली असते. सकाळी दोन्ही पाकिटं घेऊन या.” आणि थोडे थांबून, “हे मीच विचारायला हवं होतं.”

सकाळी त्यांनी दुखण्याचे औषध बदलले. प्रेडनिसोलोनने जखम भरायलाही उशीर होतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने उतरवले. मीही धीर करून विचारले, “अँटिबायोटिक का नाही दिलंत?” ते हसले. “जखम चिघळलेली नाही, सर. पू, वास, ताप दिसला तर देईन.”

औषध वाईट नव्हते, डॉक्टरही वाईट नव्हते. पण औषधाचा गुण ते कोणाच्या पोटात जाते आणि तिथे आधी काय आहे, यावर ठरतो. गुरांच्या दुखण्यावर सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक, त्या गुरांचे मृतदेह खाणाऱ्या गिधाडांना विष ठरले. गावाबाहेर दिसणारे त्यांचे थवे नाहीसे झाले. २००४ साली कारण उजेडात आले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित म्हणून पुढे आलेले औषध कोणते? तर मेलॉक्सिकॅमच! तेच आमच्या मोत्याला त्या रात्री घातक ठरले असते.

जखम भरायला संक्रांत उजाडली. पाठीवर तळहाताएवढ्या जागी केस काही आले नाहीत. सौ.चा हात अजून तिथे गेला की थांबतो.

यंदाची भाजणी दळून आली आहे. तळणाच्या दिवशी स्वयंपाकघराचे दार बंद राहील, असे घरात ठरले आहे. मोत्या बाहेर बसून रडेल, त्याला इलाज नाही. आणि औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. मोत्याचे वजन, चालू औषधे, कधीपासून, कोणी दिली. दवाखान्यात गेलो की तो कागद आधी पुढे ठेवतो. अक्षर माझे आहे, प्रश्न सौ.चा.