ज्येष्ठांचा अंदमानप्रवास आणि वेगधारण

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ पासून जेथे कारावास भोगला, ते सेल्युलर कारागृह पाहावे या इच्छेने महाराष्ट्रातील साठी-सत्तरीची बरीच मंडळी अंदमानास जातात. निघण्यापूर्वी त्यांतील काहीजण वैद्याकडे येतात. प्रश्न बहुधा ठरलेला असतो : बोट लागू नये म्हणून काय घ्यावे? प्रश्न रास्तच आहे; परंतु आमच्या मते तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो लघवीचा आहे.

श्री विजयपुरम् (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) येथून स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक खासगी वेगवान बोटीने सुमारे दीड तासावर आहे. सरकारी बोटीस अधिक वेळ लागतो. निवासस्थान सोडणे, धक्क्यावरील तपासणी व रांग धरता वेळ सहज दुप्पट होतो. डोलत्या बोटीत स्वच्छतागृहापर्यंत जाणे अवघड, शिवाय संकोचाचे. म्हणून ज्येष्ठ प्रवासी पहाटेपासून पाणीच पीत नाही, आणि रक्तदाबाची मूत्रल गोळी परस्पर वगळतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांपैकी मूत्र व तृष्णा हे दोन या एका फेरीत रोखले जातात. मळमळू लागल्यावर चारचौघांत लाजून छर्दीही दाबली जाते. वार्धक्य हा स्वभावतः वाताचा काळ. त्यात यान, जागरण आणि सतत अंगावर येणारा वारा. अशा स्थितीत अपानाचा रोध झाला, तर बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल ही ग्रंथोक्त लक्षणे दिसल्यास नवल नाही.

आधुनिक परिभाषेतही निष्कर्ष वेगळा नाही. दमट उष्ण हवेत घामावाटे द्रव जातो, भरपाई होत नाही, आणि दीर्घकाळ बसून उठताच रक्तदाब उतरून भोवळ येते. नेमका हाच क्षण बोटीतून धक्क्यावर पाऊल टाकण्याचा! पायाखालची फळी हलत असते, हातात पिशवी असते, मागून गर्दी रेटीत असते. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर स्वराज द्वीपावरील प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथमोपचार होतील. पुढील उपचारांसाठी पुन्हा समुद्रच ओलांडावा लागेल.

आता बोट लागण्याविषयी. हा त्रास उतारवयात सामान्यतः तरुणांपेक्षा कमी होतो, हे रुग्णास अवश्य सांगावे. निम्मी भीती तेथेच ओसरते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या उलटीप्रतिबंधक गोळ्या मात्र पाहून घ्याव्यात. त्यांतील कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, वृद्धांत मतिभ्रम होऊ शकतो, आणि पौरुषग्रंथी वाढलेल्यांत मूत्र अडकते. काचबिंदूचा रुग्ण असेल तर अधिकच सावधगिरी हवी. आम्ही प्रथम साळीच्या लाह्यांसारखा लघु आहार, शुंठीचा अल्प तुकडा, बोटीच्या मध्यभागी खालचे आसन आणि क्षितिजाकडे दृष्टी एवढेच सुचवितो. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी शुंठीही विचारूनच घ्यावी.

पाणी घोटघोट पीत राहावे. हृदय वा वृक्कविकारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी ते प्रमाण पाळावे. शहाळे तेथे पावलोपावली मिळते. परंतु वृक्कविकारात त्यातील पोटॅशियम बाधक ठरू शकते. मूत्रल औषध बंद न करता त्याची वेळ बदलता येईल का, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलून ठरवावे. धक्क्यावर स्वच्छतागृहास जाऊनच बोटीत चढावे, आणि आसन शक्यतो मार्गिकेलगतचे मागावे. उतरताना एक हात कठड्यासाठी मोकळा असावा. सामान मुलांनी किंवा हमालाने घ्यावे.

हवामान बिघडल्यास बोटी रद्द होतात व मुक्काम लांबतो. तेव्हा नित्याची औषधे चार-पाच दिवस पुरतील इतकी जास्त, आणि तीही बोटीत चढविलेल्या मोठ्या पेटीत नव्हे, तर जवळच्या पिशवीत ठेवावयास सांगावे.