वासराची कातडी, कुत्र्याचा डोळा

डोळ्याचे दुखणे नेत्रवैद्याकडे, कातडीचे त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि जनावराचे गुरांच्या दवाखान्यात, ही वाटणी इतकी जुनी आणि सोयीची आहे की एका खात्याचे दप्तर दुसऱ्याने मागवून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आनुवंशिक विकारांच्या तपासात या तिन्ही दप्तरांतले कागद एकाच रुमालात बांधलेले निघावेत असा योग गेल्या अर्धशतकात आला, आणि त्याची पहिली फिर्याद घेऊन आली ती बेल्जियममधली वासरे.

१९६७ साली तेथे नोंदवलेल्या या वासरांची कातडी इतकी दुबळी होती की साध्या ओढाताणीनेही ती फाटून लोंबू लागे. या व्याधीला दिलेल्या डर्मॅटोस्पॅरॅक्सिस या ग्रीक वळणाच्या नावाचा अर्थही ‘कातडी फाटणे’ एवढाच. लीज येथील शार्ल लापिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या दुबळेपणाचे मूळ कोलॅजनात दाखवले. कोलॅजन म्हणजे तीन पेडांचा दोर. पेशीतून बाहेर पडताना त्याच्या दोन्ही टोकांना जादा तुकडे लटकत असतात, आणि ते छाटले गेल्यावरच एक दोर दुसऱ्याला अंग लावून नीट बसतो. या वासरांत एका टोकाची छाटणी करणारे विकरच उणे होते. निरोगी कातडीचा पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तंतू नाण्यांसारखे वाटोळे दिसतात. येथे मात्र ते वेडेवाकडे, फाटे फुटलेले. पाश्चात्त्य संशोधकांना त्यांत इजिप्तची चित्रलिपी आठवली. मला विचाराल तर ती घाईत लिहिलेली मोडी आहे.

माणसाच्या खात्यावर ही नोंद पडायला पुढे वीस वर्षे लागली. १९९२ मध्ये तशीच कातडी असलेली मुले आढळली, आणि १९९९ मध्ये गाय व माणूस या दोघांतही दोष एकाच जनुकात, अ‍ॅडम्ट्स-२ मध्ये, असल्याचे सिद्ध झाले. निदान वासराचे आधी झाले, लेकराचे मागाहून. आणि हा अग्रमान जनावराला कोणी फारसा मोकळ्या मनाने देत नाही.

आता डोळा. डोळ्यात सतत पाझरणारा निर्मळ द्रव बुबुळाच्या कडेच्या जाळीतून बाहेर जातो. ती वाट तुंबली की दाब चढतो, दृष्टीची नस हळूहळू मरते, आणि काचबिंदूचा रोगी आपल्याही नकळत आंधळा होऊ लागतो. माणसात हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर उंचीइतका असतो. स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमान यांच्या उपकरणाने तो मोजताना बुबुळाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट होईल एवढाच जोर लावतात. निळ्या प्रकाशात दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात, आणि त्यांच्या आतल्या कडा परस्परांना जेमतेम शिवल्या की आकडा वाचायचा. कुत्रा काही त्या यंत्रापुढे हनुवटी टेकून बसत नाही. त्याच्यासाठी पशुवैद्य हातात धरायचे यंत्र वापरतो, ज्याची बारीक सळई बुबुळावर हलकेच आपटून परत येते. आणि मालकाने गळपट्टा आवळून धरला असेल तर तो आधी सैल करायला लावतो, कारण मानेच्या शिरा दाबल्या गेल्या की डोळ्याचा आकडा खोटाच चढतो.

असे आकडे वर्षानुवर्षे टिपले गेले म्हणूनच पुढचा शोध लागला. बीगल कुत्र्यांतील आनुवंशिक काचबिंदू कर्क गेलॅट यांनी १९७२ मध्ये नोंदवला, पुढे फ्लोरिडा विद्यापीठात त्या वंशाची जोपासना झाली, आणि २०११ मध्ये दोष सापडला तो अ‍ॅडम्ट्स-१० या जनुकात: त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ६६१ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन, लेखनिकाच्या एका अक्षराचा प्रमाद. वासराचे दोन क्रमांकाचे जनुक आणि बीगलचे दहा क्रमांकाचे, ही दोन्ही एकाच कुळातली. माणसात या कुळाची १९ जनुके आहेत. मात्र येथे क्रम उलटा झाला. २००४ मध्येच हे दहावे जनुक माणसाच्या वाइल-मार्चेसानी विकारात सापडले होते, आणि त्या विकाराची लक्षणे अशी: ठेंगणा बांधा, आखूड ताठर बोटे, जाड कातडी, लहान वाटोळे नेत्रभिंग आणि बहुधा काचबिंदू. कातडी आणि डोळा येथे एकाच रोग्याच्या अंगावर भेटतात. उतारवयात सर्रास आढळणारा काचबिंदू या एका जनुकाच्या माथी मारता येत नाही, हेही लगोलग सांगितलेले बरे.

कातडी आणि डोळा यांची आणखी एक सोयरीक जुनी आहे. विल्यम स्टर्ज यांनी १८७९ मध्ये लंडनमध्ये एका लहान मुलीच्या चेहऱ्यावरील लाल जन्मखूण, झटके आणि डोळ्यातील विकृती यांची एकत्र नोंद केली. २०१३ मध्ये या विकाराचे कारण कळले: गर्भधारणेनंतर, गर्भाच्याच एखाद्या पेशीत, जीएनएक्यू या जनुकात होणारा बदल. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून तिच्यावर ठेवला जाणारा ठपका त्या दिवशी निकालात निघायला हवा होता. असा डाग वरच्या पापणीवर असेल तर त्या बालकाच्या डोळ्याचा दाब मोजावाच लागतो, कारण तान्ह्याचा डोळा लवचीक असल्याने दाबाखाली फुगून मोठा होतो. त्याचे वैद्यकातील ग्रीक नाव बुफ्थॅल्मॉस, म्हणजे बैलाचा डोळा. एखाद्या घरी मात्र ‘काय टपोरा डोळा आहे’ म्हणून त्यालाच कौतुकाने काजळ घातले जाते, आणि ते मूल उजेडाकडे पाठ करून, पापणी मिटून, पाणी गाळत राहते.